प्रहर, तास आणि पाळी : नागपूरच्या गिरणकामगारांच्या निद्रेचा इतिहास

झोपेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की पहिली अडचण साधनांची येते. मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा झोपेत घालवितो. पण त्या काळाची दप्तरे कोणी ठेवीत नाही. सनदा आणि बखरी जागेपणी घडलेल्या गोष्टींच्या आहेत. गिरण्यांच्या हजेरीपटातही कामगार कामावर होता की नाही एवढेच कळते. तो आदल्या रात्री किती झोपला, हे कळत नाही. अशा स्थितीत भाषा हे एक साधन उरते. लोक दिवसरात्रीचे भाग कोणत्या शब्दांनी पाडीत होते, जागण्याला काय म्हणत होते, त्यातील कोणते शब्द पुढे मागे पडले आणि कोणते नवे आले, हे पाहिले असता झोपेच्या इतिहासाची काही सूत्रे हाती लागतात.

प्रस्तुत निबंधात हा विचार मुख्यतः नागपूरच्या कापडगिरण्यांच्या संदर्भात केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : गेल्या दीडशे वर्षांत कामगाराच्या विश्रांतीविषयी जे कायदे झाले त्यांनी प्रौढ पुरुषाच्या बाबतीत कामाचे 'तास' मोजले, कामाची 'वेळ' कोणती, या प्रश्नाला त्यांनी पळवाट ठेवली. मराठीत 'तास' आणि 'वेळ' हे दोन निराळे शब्द आहेत, आणि शरीराच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रथम जुन्या कालगणनेकडे पाहू. अहोरात्रीचे आठ प्रहर, साठ घटका. एक घटका चोवीस मिनिटांची. घटका मोजावयाची ती पाण्यात तरंगणाऱ्या भोकाच्या वाटीने. वाटी भरून बुडाली की घटका भरली. 'घटका भरणे' हा मरणाचा वाक्प्रचार तेथूनच आला. पण लोकव्यवहारातील प्रहर हा घटकेइतका काटेकोर नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चार प्रहर, आणि सूर्यास्तापासून पुन्हा सूर्योदयापर्यंत चार. नागपूरच्या अक्षांशावर ज्येष्ठातला दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि पौषातला पावणेअकरा तासांचा. म्हणजे दिवसाचा प्रहर उन्हाळ्यात लांबे आणि हिवाळ्यात आखडे. कालाचे हे माप सूर्याबरोबर श्वासोच्छ्वास करी.

'तास' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ धातूची वाटी किंवा थाळी. काळ दर्शविण्यासाठी जी थाळी वाजवीत तिला तास म्हणू लागले, आणि पुढे तिच्या दोन ठोक्यांमधील अंतरालाही तेच नाव पडले. (नांगराचे तास हा शब्द वेगळा, त्याचा येथे संबंध नाही.) तासाला ऋतू नाही. तो आषाढात जेवढा तेवढाच मार्गशीर्षात, मध्यान्ही जेवढा तेवढाच मध्यरात्री. 'वेळ' या शब्दाचे तसे नाही. 'जेवणाची वेळ', 'निजायची वेळ', 'कातरवेळ', 'वेळीअवेळी' या प्रयोगांत कालाचे प्रमाण अभिप्रेत नसून त्याचे स्थान अभिप्रेत आहे. तास भरतो, वेळ येते आणि टळते.

विदर्भातील जुने मराठी गद्य पाहिले तर दिनचर्येचा हा क्रम शब्दाशब्दांत उमटलेला दिसतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झालेल्या म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांच्या पूजावसर, विहरण, आरोगणा, व्याळी यांच्याबरोबरच 'पहुड' आणि 'उपहुड' यांचा उल्लेख वारंवार येतो. पहुड म्हणजे निद्रेसाठी पडणे, उपहुड म्हणजे निद्रेतून उठणे. दिवसातील घटनांची नोंद ठेवताना निद्रेच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र शब्द वापरावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आजच्या प्रमाण मराठीत 'पहुडणे' उरले, 'उपहुड' गेला.

तथापि जुना समाज रात्रभर स्वस्थ निजत होता, असा समज करून घेणे इतिहासाला धरून होणार नाही. घरातील स्त्री पहाटे, वऱ्हाडी बोलीत म्हणावयाचे तर 'पायटे', जात्यावर बसे. घराच्या भाकरीसाठी तिची उत्तररात्र खर्ची पडे. गावाच्या वेशीवर वेसकर जागत असे. गावच्या राखणदाराला 'जागल्या' म्हणत, आणि उभ्या पिकाच्या राखणीसाठी शेतात रात्र काढण्याला विदर्भात आजही 'जागल' किंवा 'जागली' म्हणतात. 'पहारा' आणि 'पहारेकरी' हे शब्द तर 'प्रहर' या कालवाचक शब्दापासूनच निघाले. जागरणे धार्मिकही होती : खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, एकादशीचे भजन, कोजागरी.

या शब्दांत एक समान गोष्ट आहे. जागल्या, जागल, जागरण, कोजागरी या सर्वांत 'जाग' हा अंश उघड आहे. रात्री जो जागतो तो काहीतरी सोसतो आहे, याची नोंद भाषेने शब्दातच करून ठेवली होती. जागरण हा अपवाद मानला जाई आणि अपवादाची भरपाई करावयाची असते. वैद्यकाचा दृष्टिकोनही हाच होता. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आणि पुष्टी व कृशता, बल व दौर्बल्य ही निद्रेवर अवलंबून असतात असे सांगितले. दिवसा झोपणे त्याने सामान्यतः निषिद्ध मानले. ग्रीष्मात मात्र रात्री लहान असल्यामुळे मुभा दिली. वाग्भटाने तर ज्याला जागरणाची सवय नाही त्याने जागण्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या सकाळी, न जेवता, झोप घ्यावी असा हिशेबच घालून दिला. हा हिशेब एखाद्या रात्रीच्या जागरणाचा आहे. महिन्यातील पंधरा रात्री जागणारा मनुष्य वाग्भटाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

तो मनुष्य निर्माण झाला गिरणीत. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, जुम्मा तलावानजीक जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. घड्याळावर चालणारी पहिली संस्था रेल्वे आणि दुसरी गिरणी. नागपुरात या दोहोंमधील दुवा असा एका व्यक्तीच्या रूपाने दाखविता येतो. त्यापूर्वी या शहरात कापड होत नव्हते असे नाही. कोष्टी विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. पण हातमाग घरात असे, आणि उजेड सरला की धोटा थांबे. गिरणीचा भोंगा उजेडाची वाट पाहत नसे. आणि तो एका घरासाठी नसून साऱ्या वस्तीसाठी वाजे.

आरंभीच्या गिरण्या मात्र सूर्यालाच बांधलेल्या होत्या. पुरेसा कृत्रिम प्रकाश नसल्यामुळे सूर्योदय ते सूर्यास्त हाच कामाचा दिवस. म्हणजे कामगाराचे कष्ट अमर्याद असले तरी रात्र त्याची होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा केवळ मुलांपुरता होता. त्यानंतर २३ सप्टेंबर १८८४ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणकामगारांची परळ येथे सभा झाली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. पण त्याच अर्जातील दुसरी एक मागणी अभ्यासकांनी उपेक्षिलेली दिसते : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. 'इतके तास' असे या कामगारांनी म्हटले नाही. त्यांनी दिवसाच्या दोन कडा मागितल्या. त्यातली एक घड्याळाची होती, दुसरी सूर्याची. प्रस्तुत लेखकाच्या मते, रात्र आपल्याकडे राहावी असे हे मागणे होते.

सरकारने दिले ते निराळे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि रात्री ८ ते पहाटे ५ या वेळात त्यांना कामावर ठेवण्यास सामान्यतः मनाई केली. प्रौढ पुरुषाला मर्यादा नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा याचा परिणाम दिसून आला. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या अनेक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. या कायद्यात वेळेचाही उल्लेख होता : पहाटे साडेपाचपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर काम नको. मात्र मान्यताप्राप्त पाळीपद्धती असेल तेथे हे बंधन लागू नव्हते. वेळेचे बंधन आले आणि त्याच कलमात त्याची वाटही निघाली. पुढील सुधारणांची प्रगती तासांच्या अंगाने झाली. १९२२ साली दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास, १९३४ साली दहा व चोपन्न, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत असताना तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा. या मर्यादांचे मोल कमी लेखण्याचा हेतू येथे मुळीच नाही. त्यांनी असंख्य माणसांचे आयुष्य वाढविले असेल. पण पाळ्यांच्या कारखान्यात त्यांची दुसरी बाजूही होती : एका माणसाचे तास कमी झाले तसे यंत्र थांबू न देण्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या माणसाची गरज लागली, आणि दुसऱ्या महायुद्धातील मागणीने तीन पाळ्यांची पद्धत दृढ केली. आठ तासांचे काम हा न्याय होता. ते आठ तास रात्रीचे असणे हा त्या न्यायाचा न मोजलेला खर्च होता.

घड्याळ स्वतःही याच काळात सूर्यापासून दूर सरकले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. साडेब्याऐंशी रेखांशावर बेतलेली ही वेळ नागपूरच्या सूर्याच्या सुमारे चौदा मिनिटे आणि मुंबईच्या सूर्याच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. मुंबईत त्या महिन्यात काही गिरणकामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबवून दगडफेकही केली, आणि शहराने आपली 'मुंबई वेळ' पुढे १९५५ पर्यंत या ना त्या रूपाने जतन केली. हा नुसता अभिमानाचा प्रश्न नव्हता. घड्याळाचा काटा एकोणचाळीस मिनिटे पुढे करणे म्हणजे कामगाराला तेवढे लवकर, अंधारात, उठविणे होते. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाणवेळ आणखी एक तासाने पुढे नेण्यात आली होती, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

आता 'पाळी' या शब्दाकडे वळू. हा शब्द गिरणीने घडविला नाही. तिने तो उचलला. पाण्याची पाळी, देवळातल्या पूजेची पाळी, गावकीच्या कामाची पाळी असे प्रयोग कृषिसमाजातले आहेत. पाळी म्हणजे क्रमाने वाट्याला येणारे काम किंवा हक्क. तिच्यात समानतेचा एक भाव आहे. आज तुमची, उद्या आमची. 'रातपाळी' या समासाने रात्रीच्या कामाला हीच सोज्ज्वळता दिली. जागल्या, जागल, जागरण यांत असलेला 'जाग' हा अंश रातपाळीत नाही. कोण जागतो, किती जागतो, याची खूण शब्दातून नाहीशी झाली; उरली ती फक्त रांगेतील जागा.

क्रियापदांचा विचार केला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मराठीत मनुष्य 'झोपतो' खरा, पण झोप त्याला 'लागते' किंवा 'येते'. 'मला झोप लागली' या वाक्यात 'मी' कर्ता नाही; झोप कर्ता आहे आणि 'मी' चतुर्थीत आहे. भूक, तहान, धाप यांचीही रचना हीच. या क्रिया इच्छेच्या अधीन नाहीत, असे भाषेचे म्हणणे आहे. आणि 'त्याला रातपाळी लागली' या वाक्याची रचनाही नेमकी तीच! झोपही लागते, रातपाळीही लागते. दोन्ही माणसाच्या इच्छेवाचून. दोन 'लागणे' एकाच रात्री एकाच देहावर आली की त्यांतले एक हरते. हरते ती झोप, कारण तिच्यामागे हजेरीपट नाही.

हरलेली झोप दिवसा भरून काढता येत नाही काय? सामान्य माणसाचे उत्तर भाषेत आहेच : 'दिवसाची झोप अंगी लागत नाही.' नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांपुढे गेला असता, कौलारू वा पत्र्याच्या एकाच खोलीत, मुलांच्या गलबल्यात, रातपाळीहून आलेला मनुष्य किती झोपत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. पण प्रश्न केवळ उष्मा आणि गोंगाट यांचा नाही. फ्रेंच ज्योतिर्विद द मेरां याने १७२९ साली लाजाळूजातीचे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. सजीवाच्या आतच दिवसरात्रीचे एक मान असते, याची ती पहिली प्रायोगिक खूण. १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाशी निगडित जनुक दाखविले; त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या मेंदूत, दृष्टिमज्जातंतू जेथे एकमेकांस ओलांडतात त्याच्या वर, हे मुख्य घड्याळ आहे. त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असून डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाने ते रोज लावले जाते. आपल्या देशात या विषयाचा पाया मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी घातला.

रातपाळीच्या कामगाराचे दुर्दैव असे की हे घड्याळ त्याच्या पाळीप्रमाणे सहसा फिरत नाही. सकाळी घरी परतताना अंगावर पडणारे ऊन ते पुन्हा दिवसावरच आणून ठेवते. त्यामुळे दिवसाची झोप त्रोटक होते. रात्री घेतलेल्या अन्नाचे पचन, रक्तातील शर्करेचे नियमन, रक्तदाब यांचा मेळ बिघडतो. आणि दर आठवड्यास पाळी बदलली तर जुळवून घेण्याचा आरंभ होतो न होतो तोच क्रम पुन्हा मोडतो. स्वीडनमधील एका कागदगिरणीच्या कामगारांची पंधरा वर्षे पाहणी करून १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पाळीकामगारांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे आढळले. पुढे मधुमेहाविषयीही तसेच निष्कर्ष निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचारानंतर २०१९ साली, रात्रपाळीचे काम मनुष्यास 'बहुधा कर्कजनक' या वर्गात घातले. एका-दोन रात्रींच्या जागरणाने हे घडत नाही. ही वर्षानुवर्षांची थकबाकी असते आणि ती बहुधा नोकरी संपल्यावर वसूल होते. म्हणूनच हजेरीपटात तिचा मागमूस लागत नाही.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात रातपाळीविषयी एक कलम होते. पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर कामगाराचा 'दिवस' पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा धरावा, असे ते सांगे. सुटीचा हिशेब बरोबर यावा म्हणून केलेली ही सोय होती आणि हिशेब म्हणून ती बिनचूक होती. पण कायद्याने दिवस पुढे सरकविला तरी देह तो सरकवू शकत नाही. स्त्रियांना रात्रीच्या कामापासून या कायद्याने दूर ठेवले. २०२० च्या नव्या संहितेने त्यांच्या संमतीने ती मुभा दिली. समान हक्काच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र पूर्वीची मनाई आणि आताची मुभा या दोहोंमागील विचार प्रामुख्याने सुरक्षितता, घर आणि समता यांचा होता. जागणाऱ्या शरीराचा, मग ते स्त्रीचे असो वा पुरुषाचे, विचार दोन्ही वेळा मागेच राहिला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारात स्त्री-पुरुष दोघांसाठीही आरोग्यतपासणीची आणि प्रकृती न मानवल्यास दिवसाच्या कामावर बदलीची तरतूद आहे.

एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. भोंगा थांबला, पाळी थांबली नाही. आज ती रुग्णालयांत, वीजकेंद्रांत, परदेशी दिवसाप्रमाणे चालणाऱ्या कचेऱ्यांत आहे. आणि ज्या शेतातून हा शब्द गिरणीत गेला होता त्या शेतातही ती नव्या रूपाने परतली. विदर्भातील शेतकऱ्याला पंपासाठी वीज चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली. रात्रीची वीज लागली की थंडीत, साप-विंचवांच्या भयात, ओलितासाठी त्याला जागावे लागते. दिवसा वीज मिळावी या मागणीचा स्वर म्हणूनच आम्हाला ओळखीचा वाटतो. त्या मागणीत विजेच्या तासांची संख्या हा मुख्य मुद्दा नाही. त्यांची वेळ हा आहे. राज्यशासनाने २०१७ पासून सौर कृषिवाहिनीची योजना हाती घेतली ती याच मागणीसाठी. १८८४ च्या परळच्या अर्जातील साडेसहा ते सूर्यास्त ही ओळ आणि आजच्या ओलितकऱ्याचे गाऱ्हाणे यांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण मागणे एकच आहे.

रात्रीची सर्व कामे बंद करता येणार नाहीत. रुग्णाला रात्रीही परिचारिका हवी, आणि गावाला जागल्या हवाच होता. परंतु जुन्या भाषेने जागल्याला त्याच्या जागण्यावरून ओळखले, एवढा प्रामाणिकपणा तरी तिच्यात होता. पुढील संशोधकांनी गिरणगावांच्या इतिहासाची साधने धुंडाळताना वेतन, संप आणि कामाचे तास यांच्याबरोबरच कोणाची रात्र कोणी आणि किती वर्षे घेतली, हाही प्रश्न विचारावा. नागपुरात रातपाळी केलेले वृद्ध कामगार अद्याप हयात आहेत. त्यांच्या तोंडून वेळेचे, झोपेचे आणि आजारांचे शब्द टिपून घेण्याचे काम आमच्या विभागातील विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. आणि ते फार काळ लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.